आमच्या कोळीवाड्याचा इतिहास कागदावर आणताना

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या वाडीच्या इतिहासाची पुस्तिका छापून आली आणि तिच्यासोबतची, वाडी इथे जुनी आहे याच्या पुराव्याच्या कागदांची फाईल सरकारदरबारी जमा होऊन शिक्क्याची पोच हातात पडली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या इतर वाड्यांतून विचारणा होते आहे, की आम्हालाही हे करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा जसं घडलं तसं इथे लिहून ठेवते. मी बँकेत नोकरी करते, इतिहास शिकलेली नाही. हे सगळं सुट्ट्या आणि रजा टाकून झालेलं काम आहे, त्यामुळे कुणालाही जमेल.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला, बाणकोट आणि दाभोळ या दोन खाड्यांच्या मधल्या किनाऱ्यावर. पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूला, लागून कोळ्यांची घरं, ओढ्यापलीकडे दाल्दी मुसलमान मच्छीमारांची, वर चढणीला इतर वस्ती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगड भागात त्यानं काय केलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या खोलीचे पत्रे उडाले आणि लोखंडी कपाटात पाणी शिरलं. कपाटात १९६० च्या दशकापासूनची सभांची प्रोसिडिंग बुकं होती. घरांच्या कौलांची भ्रांत असताना वह्या कोण बघणार? आठवड्यानं माझ्या वडिलांनी त्या पाण्याबाहेर काढल्या. लाईट नव्हती, रेंज नव्हती. मी गावी पोचले तेव्हा ओसरीवर वह्यांची चळत होती आणि वरच्या वहीत निळी शाई पसरली होती. ते पाहून पोटात कालवलं. आमच्या लोकांनी स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं एवढंच होतं.

भिजलेल्या वह्यांबद्दल लक्षात ठेवा: उन्हात वाळत घालू नका, कागद वेडावाकडा आकसतो. सावलीत, वाऱ्याला ठेवा. पानांमध्ये कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. चिकटलेली पानं ओढू नका. शाई विरघळते आहे असं दिसलं तर आधी फोटो काढा, मग पुढचं. आमच्या तीन वह्या गेल्या, बाकीच्या वाचल्या.

तोपर्यंत डोक्यात इतिहास वगैरे काही नव्हतं. तो प्रश्न आला नकाशामुळे. समुद्रकाठी कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे नवे आराखडे व्हायचे होते. मसुदा नकाशा पाहिला तर आमची अर्धीच वस्ती त्यावर होती. पुळणीकडची घरं, जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा यांपैकी काहीच नाही. ग्रामीण किनाऱ्यासाठी त्या अधिसूचनेत दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर ना-विकास पट्टा, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, ५० मीटरचा, नसेल तर २०० मीटरचा. दोनशे मीटर म्हणजे आमची अख्खी वाडी. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, म्हणून त्या तारखेआधीपासून आपण इथे आहोत याचा पुरावा कामाचा ठरतो. गावच्या बैठकीत एक काका म्हणाले, "पुरावा कसला मागतात? माझा आजा इथेच जन्मला." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आज्याच्या जन्माचा कागद कुणाकडेच नव्हता.

२०२१ च्या जानेवारीत मी सातबाऱ्यापासून सुरुवात केली, कारण कुणीही तेच सांगतं. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे आता सरकारच्या ई-अभिलेख या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, तिथे मिळाले नाहीत तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज करायचा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहा. नुसतं 'जुने सर्व कागद' लिहिलंत तर कुणीही शोधू शकणार नाही. महिना-दीड महिन्यानं नकला मिळाल्या आणि त्यात आमचं कुणाचंच नाव नव्हतं. घरांखालची जमीन एका तुकड्यात खोताच्या नावावर, दुसऱ्या तुकड्यात सरकारी पड.

तो दिवस वाईट गेला. मग हळूहळू उलगडत गेलं. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करून सरकारला भरायचा. १९४९ च्या कायद्यानं ती संपली, तेव्हा शेत कसणाऱ्या कुळांची नावं कागदाला लागत गेली. पण पुळणीवर जाळं वाळत घालणाऱ्याला कुळ कोण म्हणणार? कोळ्याचं शेत पाण्यात. त्याच्या पिकावर सारा नव्हता, म्हणून सारा लिहिणाऱ्या वहीत तो नव्हता. पुढच्या सगळ्या कामाची दिशा मला इथे मिळाली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: मच्छीमारांचा इतिहास जमिनीच्या दप्तरात शोधत बसू नका. शाळा, जन्ममृत्यू, बंदर, मीठ आणि संस्था या पाच ठिकाणी तो सापडतो. सातबारा घ्या, तो फाईलला लागतोच, पण त्यात नाव नाही म्हणून खचू नका.

शाळा सगळ्यात सोपी निघाली. मुख्याध्यापकांना पत्र दिलं, त्यांनी जनरल रजिस्टर समोर ठेवलं. पहिलं रजिस्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, शाळा सोडल्याचं कारण. आमच्या वाडीतली मुलं पावसात दाखल होतात आणि नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या की त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' सुरू होतं. सोडल्याचं कारण 'धंद्यास गेला'. वय दहा-अकरा. पानामागून पान तेच. मुली तर कितीतरी वर्षं नाहीतच. शाळेच्या दाखल्यासारखा भक्कम पुरावा नाही. रजिस्टरच्या पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. आम्हाला खर्च फक्त झेरॉक्सचा आला.

त्यानंतर गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूची गावोगावची जुनी नोंद त्यात असते. जातीच्या दाखल्यासाठी लोक ते शोधतात, म्हणून अभिलेख कक्षात ते काढून द्यायची सवय असते, फक्त गर्दी फार. मे महिना टाळा, तेव्हा दाखल्यांसाठी झुंबड असते. नोंदी जितक्या जुन्या तितकी मोडी जास्त. मला मोडीचं अक्षरही ओळखता येत नव्हतं. तालुक्यातल्या एका निवृत्त कारकुनांनी लिप्यंतर करून दिलं, पानाला १५० रुपये घेतले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, वाडीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला तिथे पाठवलंत तर पुढचा बराच खर्च वाचेल. आम्ही आता एका मुलीला तयार करतो आहोत.

मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. ताप, पटकी, देवी, बाळंतपण. १९१८ च्या पावसाळ्यानंतर नोंदींची गर्दी होते, एकाच घरातली नावं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. आणि एका पानावर, १९१० च्या आसपासच्या एका वर्षी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकाच तारखेखाली सलग नावं आहेत आणि प्रत्येकापुढे 'समुद्रात बुडून'. सगळे आमच्या वाडीतले. त्यांतल्या दोघांची आडनावं आजही आहेत. कारकूनकाका वाचून दाखवत होते, ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "पाणी पिऊन ये गो बाय." गावात जाऊन विचारलं तर कुणालाच काही ठाऊक नव्हतं. एक होडी गेली, एवढी माणसं गेली आणि शंभर वर्षांत ती आठवण पुसली. मला ते मरणापेक्षा जास्त लागलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती नावं आहेत.

हे काम चालू असतानाच माणसांशी बोलणं सुरू होतं. त्यासाठी उत्तम काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. पुरुष घरी असतात, जाळी विणत, डागडुजी करत बसलेले असतात. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. आधी विचारा, मग रेकॉर्डिंग सुरू करा. आणि 'कितव्या साली' असं विचारू नका. आमच्या माणसांच्या डोक्यात सालं नसतात. 'रामदास बुडाली तेव्हा तुम्ही केवढे होतात?' असं विचारलं की उत्तर येतं. रामदास आगबोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, तिची बातमी किनाऱ्यावर सगळीकडे पोचली होती. तसंच कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. फयान वादळ, नोव्हेंबर २००९. या खुंट्यांना धरून आम्ही वाडीची कालरेषा बांधली. पहिलं इंजिन भूकंपाच्या आधी आलं. नायलॉनची जाळी त्याच्याही थोडी आधी. त्यापूर्वी सुताची आणि सणाची जाळी, ती टिकावीत म्हणून झाडाची साल उकळून तिच्या काढ्यात बुडवायची.

जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, मासे कुठे आहेत ते सांगत नसत, खडक कुठे आहेत ते सांगत. डोंगरावरचं अमुक झाड आणि देवळाचा कळस एका रेषेत आला, आणि दुसऱ्या बाजूनं किल्ल्याचा बुरूज टेकाडामागून दिसला, की खाली खडक. आता सगळ्यांकडे जीपीएस आहे. दोन म्हाताऱ्या नाखवांनी मिळून अशा खडकांची नावं सांगितली, माझ्या चुलतभावानं ती ठिकाणं होडीतून जाऊन जीपीएसवर टिपली. हा भाग पुस्तिकेत छापलेला नाही. दोघांनीही तशी अट घातली होती आणि ती रास्त आहे. त्या जागांवर आमची माणसं पोट भरतात. यादी संस्थेच्या कपाटात बंद पाकिटात आहे.

बायकांकडे मी उशिरा वळले नाही हे बरं झालं. त्यांनी सांगितलेलं कुठल्याच दप्तरात नाही. डोक्यावर पाटी घेऊन घाटी चढून वरच्या गावांना जायचं, ओली मासळी संपवून यायची. पावसाळ्याआधी सुकी मासळी घेऊन लांब जायचं आणि बदल्यात भात आणायचं. कुठल्या गावात कुणाच्या पडवीत मुक्काम, कुठल्या विहिरीवर पाणी प्यायला देत आणि कुठल्या विहिरीवर देत नसत, हे सगळं त्यांना पाठ होतं. आमची आत्ये नव्वदीची. ती बोलता बोलता म्हणाली, "माझी सासू सांगायची, कुंपणातलं मीठ घरी आणलं तर शिपाई धरायचा." कुंपण कुठलं, मीठ कसलं, तिला माहीत नव्हतं. मीही नुसतं लिहून ठेवलं.

२०२२ च्या पावसाळ्यात चार दिवस रजा काढून मुंबईला पुराभिलेख संचालनालयात गेले. १८२१ पासूनची ही संस्था काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मनात भीती होती की आपल्यासारखीला आत घेतील का. ओळखपत्र, अर्ज आणि कशावर काम करताय त्याचं पत्र लागतं. ग्रामपंचायतीचं एक पत्र सोबत असू द्या. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटोचे आणि प्रतींचे नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि गावाचं नाव घेऊन शोधू नका, छोट्या वाडीचं नाव यादीत कधीच नसतं. खात्याचं नाव घ्या.

जाण्याआधी १८८० चा 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' हा गॅझेटियरचा दहावा खंड वाचून काढला होता. राज्याच्या दर्शनिका विभागानं तो नेटवर फुकट ठेवलाय. कोळी, खारवी, गाबीत, दाल्दी, भोई अशा दर्याच्या माणसांबद्दल त्यात लिहिलं आहे. लिहिणारा साहेब बाहेरचा, त्याची नजर ठिकठिकाणी खटकते, पण बंदरं, होड्या, जाळी यांबद्दल तो बारकाईनं लिहितो. त्यातूनच मीठ खात्याचा माग लागला. इंग्रजांनी मिठावर कर बसवला, तेव्हा मासळी खारवणं मच्छीमाराला परवडेना. म्हणून बंदरांजवळ सरकारी देखरेखीखाली मासळी खारवायची आवारं उघडली. तिथे मीठ स्वस्तात मिळे, पण ते आवाराच्या आतच वापरायचं, बाहेर न्यायचं नाही.

वाचनालयात मीठ खात्याचा छापील वार्षिक अहवाल उघडला आणि अशा आवारांच्या तक्त्यात शेजारच्या बंदराचं नाव दिसलं. कुंपणातलं मीठ! मी त्या टेबलाशी बसून कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही. सासूनं सुनेला सांगितलेलं एक वाक्य, आणि सरकारच्या छापील तक्त्यातली एक ओळ, दोन्ही एकाच कुंपणाबद्दल बोलत होत्या. शाळेत आपण शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह वाचतो. मिठाचा कायदा आमच्या बायकांच्या पदरापर्यंत पोचला होता, हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

बंदर आणि मत्स्यव्यवसायाच्या जुन्या नोंदवह्यांसाठी माहितीचा अधिकार वापरला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींचे पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. एका कार्यालयानं कळवलं की नोंदी आढळून येत नाहीत. मग ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला जाताना छाती धडधडत होती, पण समोरच्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकलं आणि अभिलेख प्रत्यक्ष पाहायची परवानगी दिली. अर्जात 'प्रती द्या' यासोबत 'अवलोकन करू द्या' हेही मागा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम आहे, नवा अर्ज करायची गरज नाही. अपिलासकट या सगळ्यात चार-पाच महिने गेले. शेवटी १९५० च्या दशकातली होड्यांची नोंदवही मिळाली: होडीचं नाव, मालक, लांबी, शिडांची संख्या. वडिलांनी आपल्या आज्याच्या होडीचं नाव त्यात बोट ठेवून वाचलं.

संस्थेच्या वाचलेल्या वह्यांतून मग पुढची कथा आपोआप उभी राहिली. इंजिनाचं कर्ज, बर्फाची गाडी वेळेवर न येणं, दलालाचं देणं फेडायला संस्थेनं उचल द्यावी की नाही यावर रात्रभर चाललेली सभा. सही करणारे थोडे, अंगठे जास्त. देण्याच्या नोंदी छापू नयेत असं काही घरांना वाटलं. आम्ही नावं गाळली, आकडे ठेवले.

सगळ्यात अवघड वाद झाला मुळाबद्दल. वाडीत सांगतात की आपले पूर्वज सुवर्णदुर्गाच्या आरमारात होते. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं किल्ला घेतला, मग माणसं विखुरली आणि आपले इथे आले. किल्ला समोर दिसतो, आंग्र्यांचं आरमार खरं, १७५५ खरं. पण आमच्या वाडीला त्याच्याशी जोडणारा कागद मला मिळालेला नाही. तरुण मुलांना ते ठळक अक्षरात छापायचं होतं. मी नको म्हटलं, कारण फाईल तपासणाऱ्यानं एक ओळ खोटी धरली तर शाळेच्या रजिस्टरवरही तो शंका घेईल. दोन बैठका ताणल्या गेल्या. शेवटी 'वाडीत असे सांगतात' या मथळ्याखाली ते वेगळं प्रकरण झालं, आणि सांगणाऱ्यांच्या शब्दांत ते फार देखणं उतरलं आहे. ओढ्यापलीकडच्या चाचांनी त्यांच्याकडची हकिकतही दिली. जाळी आणि वादळं दोन्हीकडे तीच, म्हणून दाल्दी वस्तीचं प्रकरणही त्यात आहे.

फाईलमध्ये क्रमानं हे लावलं: ग्रामसभेचा ठराव, १९९१ पूर्वीचे घरपट्टी उतारे, मतदारयाद्या, शाळेची पानं, नमुना चौदा आणि त्याचं लिप्यंतर, होड्यांची नोंद, संस्थेचे ठराव, आणि हाती काढलेला वस्तीचा नकाशा, ज्यात जाळी वाळवायची आणि होड्या ओढायची जागा मोजमापासह दाखवली आहे. हा नकाशा वाडीनं एकत्र बसून काढा. कुठल्या जागेत काय चालतं ते बायकांना जास्त नेमकं माहीत असतं. प्रत्येक कागदाला पान क्रमांक द्या, तीन संच करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ठरावाला वेळ लागतो, आमच्याकडे गणपूर्तीअभावी ग्रामसभा पुढे गेली होती. सगळा मिळून खर्च, प्रवास धरून, ३० हजारांच्या आसपास आला. त्यात मोडी आणि छपाई मोठी. वर्गणीतून निम्मे जमले, उरलेले संस्थेनं दिले.

नकाशात दुरुस्ती झाली का, असं सगळे विचारतात. अजून नाही. हरकत नोंदली गेली आहे, पाठपुरावा चालू आहे, आणि दर दोन महिन्यांनी आमच्यातलं कुणीतरी जाऊन विचारून येतं. पुस्तिकेची एक प्रत शाळेत, एक संस्थेत, एक ग्रामपंचायतीत आहे आणि स्कॅन तिघांकडे वेगवेगळ्या गावी ठेवलेत, म्हणजे पुढच्या वादळात सगळं एकदम जाणार नाही. पुढच्या बंदीच्या काळात बायकांच्या जुन्या वाटांचा नकाशा करायचा आहे. वरच्या गावांतून कुणाच्या घरी कोळणीच्या मुक्कामाची आठवण असेल, तर नक्की कळवा.